पुंडलिकभाऊ गुलमर्गला जातात

गेल्या डिसेंबरात आमच्या शेजारच्या पुंडलिकभाऊंनी पाणी पिणं जवळजवळ बंद केलं. उपास नव्हता की नवस नव्हता. सकाळी अर्धा कप चहा, जेवताना दोन घोट, बस्स. ओठ फुटले, आवाज खरखरीत झाला, तरी माणूस खूश! मी कुंपणावरून चौकशी केली, तर म्हणाले, "ताण देऊन राहिलो, दिलीपभाऊ."

भाऊ राहतात अमरावतीत, पण जीव वरूडच्या संत्र्याच्या बागेत. तिकडे हिवाळ्यात झाडांचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, झाड आता जातं की काय असं वाटतं, आणि मग पाणी सोडलं की तेच झाड फुलांनी लगडतं. याला म्हणायचं ताण देणं. भाऊंनी तो स्वतःलाच दिला होता, कारण फेब्रुवारीत त्यांना गुलमर्गला जायचं होतं, आणि उंचावर हवा विरळ, डोकं फुटतं, पोटात ढवळतं, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

"पह्यलं पाणी डोंगरावर सोडतो. मंग पाहा कसा बहार येते ते!"

"अहो, तिथे तर पाणी भरपूर प्या म्हणतात."

"ज्याईनं बाग पाह्यली नाई, ते म्हणतात."

भाऊंचं सगळं वैद्यक हे असं बागेतून आलेलं. एकदा टाचांना भेगा पडल्या, तर झाडांच्या बुंध्यांना फासतात तो मोरचूद-चुन्याचा निळा लेप गुडघ्यापर्यंत फासून ते आमच्याकडे सत्यनारायणाला आले. तीर्थ घेताना लोक देवाऐवजी त्यांच्या पायांकडे बघत होते. मी डोळे मोठे केले, तर म्हणाले, "झाडावर करून पाह्यलं आहे मी!" या वाक्यापुढे अपील नाही.

या वेळी मात्र गंमत नव्हती. बर्फावर घसरायची हौस भाऊंची नव्हेच, ती सुमनवहिनींची. लग्न झाल्यापासूनची. आणि भाऊंची प्रकृती अशी, की जरा चढ लागला की चेहरा पिवळा. माउंट अबूला वहिनी त्यांच्यापायी खोलीतूनच परतल्या होत्या, वैष्णोदेवीच्या अर्ध्या वाटेतून मागे फिरल्या होत्या. कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. गुलमर्ग ठरलं तेव्हाही त्यांनी आधीच सांगून टाकलं, "तुमाले तिथं काही झालं तर मी त्याच पावली खाली येईन. मले बर्फ-गिर्फ काही नाई पाह्यजे."

म्हणून हा ताण.

सरावसुद्धा झाला. भाऊंच्या साळ्याचं अकोल्याला जिनिंग आहे. आम्ही सगळे तिथे गेलो, तर अंगणात कापसाचा डोंगर रचलेला. भाऊंनी संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या जुन्या चपलांना ठोकल्या, शिडी लावली आणि वर चढले.

"पांढरं ते पांढरं! बर्फ जरासा गार रायते, बाकी तेच."

एवढं बोलून ते निघाले, आणि जागच्या जागी गळ्यापर्यंत आत गेले. वर फक्त टोपी आणि मिशा. साळा खालून ओरडला, "भाऊजी, हालू नोका, माल खराब होते!" चार हमालांनी भाऊंना उपटलं. वहिनी मात्र त्याच डोंगरावरून बसून, पदर खोचून, सर्रकन खाली आल्या. तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. भाऊंनीही पाहिला असणार, कारण त्या दिवसापासून दोन घोटांचा एक घोट झाला.

आम्ही दोघं नवराबायकोही सोबत गेलो. गोंडोल्यातून, म्हणजे तारेवरच्या पाळण्यातून, डोंगराच्या मधल्या टप्प्यावर पोचलो, आणि भाऊंनी समारंभपूर्वक बाटली उघडून पहिलं पाणी पोटात सोडलं. बहार काही आला नाही. पाणीच परत आलं. वहिनी तेव्हा पलीकडे पायात स्की बांधून घेत होत्या, नशीब. मी भाऊंना दवाखान्याच्या खोलीत नेलं. डॉक्टरांनी जीभ पाहिली आणि हिंदीत विचारलं, पाणी कधीपासून प्यायला नाहीत?

"साब, ताण दिया है."

"क्या दिया है?"

"ताण! झाडों पर करके देखा है मैंने."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्यांनी भाऊंना थोडा वेळ नळीतून ऑक्सिजन दिला, घोट घोट पाणी पाजलं आणि ताबडतोब खाली उतरायला सांगितलं. भाऊंनी त्यांचा हात धरला. "हळू बोलो साब, उधर हमारी मिसेस है."

बाहेर आल्यावर त्यांनी गाल चोळून लाल केले, मिशांवर हात फिरवला आणि लांबूनच ओरडले, "मस्त वाटून राहिलं वो! मी अन् दिलीपभाऊ जरा तिकडून चक्कर मारून येतो. तू घसरजो आरामात!" माझी बायको वहिनींजवळ थांबली. गोंडोल्याचं दार लागताच भाऊंनी डोकं गुडघ्यात घातलं.

खाली आल्यावर तासाभरात चेहऱ्यावर रंग आला. बाटली संपवून ते गोंडोल्याच्या फाटकाशी बाकावर बसले आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले, "ऊपर वो मरून स्वेटरवाली बाई दिखी क्या?"

लोकांना वाटलं, बिचाऱ्याची बायको हरवली.

एक जाडजूड गृहस्थ थांबले. "हां, दिखी ना. गिर गई थी."

भाऊ उभे राहिले. "रोई?"

"रोई? अरे, बैठे बैठे इतना हँस रही थी, उठ ही नहीं पा रही थी!"

भाऊ खाली बसले. पुढचं कुटुंब आलं, त्यांनाही तेच विचारलं, तेच उत्तर मिळालं. त्यानंतरच्यांनाही विचारलं.

मी म्हणालो, "भाऊ, कळलं ना आता? परत परत काहून विचारता?"

"ऐकू द्या ना," ते फाटकाकडे बघत म्हणाले. "मी संग असलो की तुमची वहिनी हासत नाई, दिलीपभाऊ. माह्या तोंडाकडेच पाहत रायते, पिवळं पडलं का म्हणून."

तेवढ्यात आणखी एका गोंडोल्याचं दार उघडलं, आणि भाऊ स्वेटर ठीक करत उठले.