सुपडाजींचं म्युझियम

नांदुऱ्याचे सुपडाजी रस्त्यात भेटले की आधी मान वाकडी करत, पार कान खांद्याला टेकेपर्यंत, आणि मगच ओळख देत. "हाव, गुरुजीच हायेत." महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी शाळेत नवा मास्तर होतो. मला वाटलं, मानेचं काही दुखणं असेल.

दुखणं नव्हतं. तंबूच्या सिनेमात उभा जन्म मशीन चालवून सुपडाजी घरी बसले होते. मालक वारला, तंबू फाटला, तेव्हा उरलंसुरलं सामान त्यांनी स्टेशनामागच्या टिनाच्या खोलीत मांडलं आणि दारावर खडूनं लिहिलं, 'सिनेमाचं म्युझियम. चपला बाहेर.' गावातलं कोणी सहसा तिकडे फिरकत नसे. "तिथं भितीवर मानसं चालतात," एवढंच लोक सांगत.

एका रविवारी दुपारी मी गेलो. गंजलेलं मशीन, फिल्मच्या तुकड्यांनी भरलेले बिस्किटांचे डबे, रंग उडालेली पोस्टरं. आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं सुपडाजी हळू आवाजात एकेक वस्तू दाखवत होते. मी एका खुर्चीवर टेकणार, तोच म्हणाले, "तिथं नोका बसू. बाई बसली हाय."

"कोण बाई?"

"मले काय मालूम? देऊळघाटच्या खेळाले आली होती. खेळ सुटला, सारे गेले, पन खुर्ची काही हलकी झाली नाही. उचलून पाहा."

उचलली. जड होती. लोखंडाचीच आहे, असं मनाशी म्हणत मी खाली जमिनीवर बसलो.

सुपडाजींनी दार लावलं. टिनाला खिळ्याएवढं एक भोक होतं. हळूहळू समोरच्या भिंतीवर बाहेरचा रस्ता उमटला, पण उलटा. बैल पाय वर करून चालले होते, सायकलवाला आभाळावरून घरंगळत गेला. रोज इथं बसून सुपडाजींना माणसं उलटीच ओळखायची सवय झाली होती.

"हे फिलम कोनीच काढली नाही," ते म्हणाले. "तरी चालून राह्यली."

मग एक माणूस थांबला. डोकं खाली, पाय वर. तो आमच्याकडेच बघत होता.

"हा रोज थांबते. मी दार उघडून पाह्यतो, तं रस्त्यावर कोनीच नसते."

मी भिंतीपासून मागं सरकलो. "भीती नाही वाटत?"

"काऊन वाटन? पाह्यते तरी माह्याकडं."

दार उघडून ते उजेडात आले. रस्ता रिकामा होता. त्यांनी खिशातून दोऱ्यानं बांधलेला जुन्या तिकिटांचा गठ्ठा काढला. तिकिटांच्या पाठीवर पेन्सिलीची चित्रं होती. अंगठ्यानं त्यांनी तिकिटं भरभर सोडली, आणि एक पाठमोरी बाई शेताच्या धुऱ्यावरून चालत लहान लहान होत ठिपक्याएवढी झाली.

"माय," ते म्हणाले. "मी चार वर्षांचा असीन. माहेरी चालली होती. तिकडंच पटकीनं गेली. फोटो नाही. पाठ तेवढी याद हाय."

मग त्यांनी तिकिटं शेवटाकडून सोडली. ठिपक्यातून बाई निघाली, पाठमोरीच एकेक पाऊल मागं येत मोठी झाली, आणि तिच्या पदरानं सगळं तिकीट भरलं. गठ्ठ्यात त्याच्याही वरच्या तिकिटाची पाठ मात्र कोरी होती.

"हे?"

"तोंडाचं. आठवलं का काढीन."

साठीच्या त्या माणसाच्या कानावर पेन्सिल होती. टोक नुकतंच केलेलं होतं.