कायमचं बसलेलं टोपण

डॉक्टरांनी मास्तरांना सहा आठवडे दिले होते आणि त्यातले दोन पाईपातच गेले.

मास्तर म्हणजे प्लंबरचे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत भूमिती शिकवली. मुलीनं प्लंबरशी लग्न केल्यापासून गेली बारा वर्षं ते त्याला ‘जावईबापू’ म्हणत, तेही अशा सुरात की ऐकणाऱ्याला ती शिवी वाटावी. आता त्यांच्या पोटात गाठ होती आणि ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. एकच इच्छा उरली होती: तळ्यावर बसून एकदा गळ टाकायचा. तोही स्वतःच्या तीन जुन्या काठ्यांनी.

काठ्या सहा फुटी आणि गाडी एवढीशी. खिडकीतून बाहेर काढल्या तर पहिल्याच खांबाला मोडल्या असत्या, आत घातल्या तर मास्तरांना टपावर बसवावं लागलं असतं.

“टपावर कॅरिअर बनवतो,” प्लंबर म्हणाला.

“बनवा. पण ओरखडा आला तर गाठ माझ्याशी आहे.”

बारा वर्षांत पहिल्यांदाच सासऱ्यानं त्याच्याकडे काही सोपवलं होतं. प्लंबर हट्टाला पेटला. सात फुटी पीव्हीसीचा जाड पाईप, आतून स्पंजचं अस्तर, टपाला चार क्लॅम्प, दोन्ही टोकांना कॅप. आधी केलेला पाईप अरुंद वाटला म्हणून टाकून दिला, नवा आणला.

“अहो, काठ्या न्यायच्यात की रॉकेट सोडायचंय?” बायकोनं विचारलं. विनोद करताना तिचे डोळे भरून आले होते, म्हणून तो हसला नाही.

रविवारी सकाळी मास्तर काठ्यांची जुडी घेऊन बाहेर आले. जुडी चादरीत गुंडाळून सुतळीनं आवळलेली होती. मुलगी धरायला पुढे झाली तसे ते खेकसले, “हात लावू नकोस!” महिन्यापूर्वी कपाटापाशी पडले तेव्हापासून त्यांचा स्वभाव फारच तिखट झाला होता. त्याच आठवड्यात त्यांनी खोलीचा पडदा दांडीसकट काढून टाकला होता. का, तर म्हणे उजेड हवा. आजारी माणसाशी वाद कोण घालणार?

जुडी त्यांनी स्वतः पाईपात सरकवली. प्लंबरनं कॅप बसवली आणि गाडी निघाली.

अर्ध्या वाटेवर ट्रॅफिक पोलिसानं हात केला. “हे वर काय आहे?”

“गळाच्या काठ्या, साहेब.”

“उघडून दाखवा.”

प्लंबरनं कॅप धरून पिळली. मग दोन्ही हातांनी पिळली. मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“काय झालं?”

“पाईप चिकटवायचं सोल्युशन लावलं गेलंय, साहेब. बावीस वर्षांत सोल्युशनशिवाय कॅप बसवलीच नाही. हात आपोआप डब्यात गेला.”

“मग दुसरं टोक उघडा.”

“त्याला तर आधीच लावलंय.”

“सुटणार कधी?”

“सुटत नाही,” प्लंबर रडवेल्या आवाजात म्हणाला. “मी गिऱ्हाइकांना पन्नास वर्षांची गॅरंटी देतो.”

पोलिसानं गाडीत डोकावून मास्तरांचा पिवळा चेहरा पाहिला. मास्तरांनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला होता. म्हाताऱ्याची शेवटची आशा गेली असं समजून पोलिसानं मुकाट्यानं गाडी सोडून दिली.

तळ्यावर प्लंबरनं थर्मासमधला सगळा चहा कॅपवर ओतून पाहिला. कॅपला गोड वास येऊ लागला, बाकी फरक पडला नाही. तळ्याच्या राखणदाराकडे फक्त कुऱ्हाड होती.

“कुऱ्हाड?” मास्तर कडाडले. “काठ्यांचा भुगा करायचाय का? खबरदार!”

“मग घरून करवत घेऊन येतो, बाबा.”

“आणि तोवर मी इथे एकट्यानं मरू?”

म्हणून दोघं काठावर बसून राहिले. मास्तरांनी दिवसभर जावयाला झापलं. त्याची अक्कल, त्याचा धंदा, पाईपाचा व्यास, काहीही सोडलं नाही. मधूनमधून पाण्याकडे बघत तिथे कधीकाळी धरलेल्या माशांची मापं सांगितली, ती दर वेळी वाढत गेली. कित्येक आठवड्यांनी डबा संपवला. प्लंबर मान खाली घालून ऐकत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला.

उतरत्या उन्हात गाडीत बसताना मास्तर म्हणाले, “पुढच्या रविवारी करवत आणा, जावईबापू.”

पुढचा रविवार आलाच नाही. गुरुवारी सकाळी मास्तर गेले.

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारी, “गळ टाकायला मिळाला ना शेवटी?” बायको म्हणे, “तळ्यावर जाऊन आले, खूश होते.” ती त्याला एका शब्दानं बोलली नाही आणि तेच त्याला सहन होत नव्हतं. मरत्या माणसाची एक साधी इच्छा, तीही आपण चिकटवून टाकली.

पंधरा दिवसांनी तो करवत घेऊन गाडीपाशी गेला. कॅपच्या मागे, बोटभर अंतरावर, काठ्यांना धक्का लागू नये म्हणून हळूहळू कापत राहिला. जुडी बाहेर ओढली, सुतळी सोडली, चादर उलगडली.

तिन्ही काठ्या बरोबर मध्ये मोडलेल्या होत्या. मोडल्या जागी दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि जुडी वाकू नये म्हणून मधोमध पडद्याची दांडी बांधलेली होती.

कपाटापाशी मास्तर पडले होते ते या काठ्यांवरच. ते कबूल करायचं नव्हतं, पण तळ्यावर तर जायचं होतं. पाईप उघडल्यावर ते काय सांगणार होते देव जाणे. बहुतेक खापर कॅरिअरवरच फोडलं असतं.

“काय म्हातारा!” प्लंबर म्हणाला आणि हसायला लागला. हसता हसता टपावर डोकं टेकून हुंदके देऊन रडला.

“अहो,” घरातून बायकोची हाक आली, “निघाल्या का बाबांच्या काठ्या? धड आहेत ना?”

त्यानं घाईघाईनं चादर गुंडाळली, सुतळी आवळली, जुडी पाईपात सरकवली आणि पिशवीतून नवी कॅप काढली.

“नाही गं निघत,” तो ओरडला. “राहू दे तशाच.”

मग त्यानं सोल्युशनचा डबा उघडला. या वेळी कॅपला आतून लावलं, पाईपाला बाहेरून लावलं आणि कॅप दाबून धरून मनात तीसपर्यंत मोजलं.