मेव्हण्याला हजर करा!

स्वारगेट डेपोत माझी सगळी नोकरी कंट्रोलर म्हणून गेली. कुठली गाडी कुठल्या घाटात बंद पडली असेल, ते मी खुर्चीत बसून सांगायचो! तेव्हा सरकारच्याच ताब्यातला एक माणूस शोधणं मला काय जड? असं आपलं मला वाटत होतं.

माणूस म्हणजे माझा मेव्हणा, सुखदेव. एका मारामारीत नाव आलं आणि तुरुंगात गेला. खटला अजून उभाच राहिलेला नाही. त्याची बहीण, म्हणजे माझी चंपा, दर आठवड्याला त्याला भेटायला जायची. गेल्या महिन्यात चंपा वारली. झोपेतच. सगळं घाईत उरकलं, सुखदेवला कुणी कळवलंच नाही. नंतर मीच सगळ्यांना बजावलं, "निरोप नको, पत्र नको. मी समोर बसून सांगेन."

भेटीच्या खिडकीवर गेलो. हवालदार म्हणाला, "हा इथे नाही. जागा पुरत नाही म्हणून काही कच्चे कैदी दुसऱ्या जिल्ह्यात हलवलेत."

"कुठे?"

"तुम्ही कोण त्याचे?"

"दाजी."

"रक्ताचं नातं नाही. बहिणीला पाठवा, तिला सांगतो."

तसाच निघून आलो.

मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर शेजारचे बद्रीनाथ भेटले. "सुखदेव सापडत नाही हो," एवढंच मी बोललो. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सुखदेवला भावपूर्ण श्रद्धांजली! पाठोपाठ बद्रीनाथ पिठलं-भाकरी घेऊन दारात.

"अहो, तो जिवंत आहे!"

"असं? मग पिठलं परत नेऊ का?"

ठेवून घेतलं. चंपा गेल्यापासून घरात धड स्वयंपाक नव्हता.

आता मात्र मी पेटलो! बुधवार पेठेत वायरींच्या दुकानावर ॲडव्होकेट प्रियदर्शनीबाईंचं ऑफिस आहे. सुखदेवची केस त्यांच्याकडेच. जिना चढून धापा टाकत म्हणालो, "हेबिअस कॉर्पस टाका!"

"काका, हे कुठून काढलंत?"

"पेपरातून. माणूस हजर करा म्हणतात ना, तेच."

"बेकायदा डांबलेल्या माणसासाठी असतं ते. याला कोर्टानेच कोठडीत ठेवलंय. हायकोर्ट दारातूनच परत पाठवेल."

"कोर्टाने ठेवलाय ना? मग हलवताना कोर्टाला विचारलं का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मात्र बरं विचारलंत."

नव्हतंच विचारलं! बाईंनी अर्ज केला. कोर्टाने तुरुंगवाल्यांना झापलं आणि सुखदेवला परत आणायचा हुकूम दिला. मला तर पेढे वाटावेसे वाटले. मग आठवलं, आपण त्याला कशासाठी बोलावलंय.

पुढच्या भेटीला काचेपलीकडे सुखदेव बसला होता. दोघांनी फोन कानाला लावले.

"जय भीम, दाजी. मला परत कुणी आणलं?"

"मी!" छाती जरा पुढे आलीच माझी.

"कशाला? तिकडे पाय पसरून झोपत होतो! इथे कूस बदलायची तर शेजारच्याला उठवावं लागतं!"

"मग कोर्टात सांगायचं नाही का?"

"मला विचारलं कुणी? आणि मला वाटलं, ताईनेच काहीतरी केलं असेल. गप्प बसायची नाहीच ती. कुठाय?"

मी सांगितलं. काय शब्द वापरले ते आठवत नाही. त्याने फोन खाली ठेवला नाही, कानाला धरूनच रडला. मीही. एवढ्या दिवसांत भेटायला येणारे सगळे मला धीर देऊन गेले होते. माझ्याबरोबर रडणारा हा पहिलाच.

वेळ संपली. डोळे पुसत तो म्हणाला, "दाजी, मला तिकडेच पाठवा. इथे रडायला तोंड फिरवलं तरी पुढ्यात दुसऱ्याचं तोंड येतं!"

बाहेर येऊन प्रियदर्शनीबाईंना फोन लावला.

"परत तिकडे? अहो काका, आत्ता तर आणला! कोर्टाला कारण काय सांगू?"

"सांगा, त्याच्या दाजीचं काम झालं."



"काका, अर्ज करते. पण या तारखेला तुम्ही कोर्टात येऊ नका."