धुतलेली फुलं

लोइसने फुलं धुतली, तिथेच सगळा घात झाला. होलरच्या, म्हणजे एल्डरबेरीच्या झुबक्यांत किडे दिसले म्हणून या स्वच्छ माणसाने टोपलीभर फुलं नळाखाली धरली आणि ज्यांत सगळा कस असतो ते पिवळे पराग मोरीत वाहून गेले. आमच्या श्टायरमार्क प्रांतात शेंबडं पोरही फुलं नुसती झटकतं. पण लोइसचा जन्म पोस्टात शिक्के मारण्यात गेलेला.

बरं, फुलं साधी नव्हती. गावच्या जत्रेत होलरच्या सरबताचा मान सव्वीस वर्षं लोइसच्या बायकोचा, झेन्झीचा. यंदा मात्र प्रयोगशाळा फुलं तपासणार होती. ज्याच्या फुलांत अँटिऑक्सिडंट जास्त, त्याच्या झाडावर मानाची पाटी. झेन्झी केस सेट करायला गेली होती आणि फुलं बारापर्यंत द्यायची होती.

घरच्या झाडावर उमललेलं एक फूल उरलं नव्हतं. "यंदा फुलं कमीच आली रे," असं झेन्झी सकाळीच म्हणाली होती. कुंपणापलीकडे शेजारच्या बुर्गीचं झाड मात्र लगडलेलं. होलरला मान द्यायच्या आमच्याकडच्या रीतीप्रमाणे लोइसने झाडासमोर टोपी काढली, मनातल्या मनात माफी मागितली आणि टोपली भरली.

निकाल लागला. झेन्झी पहिली, बुर्गी दुसरी.

संध्याकाळी बुर्गी डोळे पुसत कुंपणाशी आली. "लोइस, झेन्झीला सांगू नकोस हं. माझी फुलं तुमच्याच झाडाची होती. पहाटे येऊन तोडली. तरी हरले बघ. तुमच्या झेन्झीच्या हाताला गुण आहे बाबा."

लोइसने मनाशी हिशेब मांडला. म्हणजे पहिलं आलेलं झाड बुर्गीचं होतं, आणि पाटी भलत्याच झाडावर लागली होती. हे झेन्झीला सांगायचं तर नळापासून सुरुवात करावी लागणार. तेवढी छाती त्याला नव्हती.

पण मन खाई. म्हणून रोज सकाळी तो आपल्या झाडाला टोपी काढायचा आणि मग हळूच कुंपणापलीकडच्या झाडालाही. त्या झाडामागे बुर्गीची खिडकी आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आठवड्याभरात बुर्गी खिडकीत केस विंचरून, लिपस्टिक लावून उभी राहायला लागली.

एके दिवशी कॉफी ओतता ओतता झेन्झीने विचारलं, "रोज सकाळी तू बुर्गीला टोपी काढतोस?"

लोइसने मोरीवरच्या नळाकडे पाहिलं.

"काढतो," तो म्हणाला.