सासऱ्यांच्या गाडीचा पिवळा दिवा

कुठलंही यंत्र माझ्या हाती आलं की निमूट चालायला लागतं, असं लोक म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो. लोकांना वेळ कुठे असतो!

तर झालं असं, की सासऱ्यांनी गाडी चालवणं सोडायचं ठरवलं. डोळे साथ देईनात. गाडी दोन जावयांपैकी एकाला द्यायची, पण कोणाला? त्यांनी चक्क परीक्षा ठेवली! प्रत्येकाने एक दिवस गाडी न्यायची आणि संध्याकाळी आणून दाखवायची. माझे थोरले साडू आधीच परीक्षा देऊन आले होते. हा माणूस इतका सावध, की लिफ्टमध्ये शिरण्याआधी आतल्या लोकांना ख्यालीखुशाली विचारतो.

गाडी आम्हाला हवीच होती. नव्या नोकरीसाठी बायकोला रोज दोन बस बदलाव्या लागत. घरी आली की ती माझ्याकडे अशी बघे, जणू बसचे मार्ग मीच आखले आहेत.

"बाबांची गाडी आपल्यालाच मिळाली पाहिजे," ती म्हणाली.

"मिळालीच समज!" मी म्हणालो.

गाडी देताना सासऱ्यांनी इतक्या सूचना दिल्या, की मान डोलावण्याच्या नादात समोरच्या काट्यांकडे माझं लक्षच गेलं नाही. अर्ध्या वाटेत बायकोने विचारलं, "हा पिवळा दिवा कसला रे?"

बघतो तर इंजिनचं चित्र झळकतंय! माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

"काय केलंस तू?"

"मी कुठे काय केलं? मी फक्त चालवली!"

"तेच म्हणतेय मी."

पण मी डगमगणारा नव्हे! ऑफिसातल्या मित्राकडून गाडीचे बिघाड ओळखायचं यंत्र आणलं. ते स्टिअरिंगखालच्या एका खोबणीत खुपसायचं असतं. ती खोबण ज्याने तिथे ठेवली, त्याचं माणसांशी काहीतरी वैर असावं! डोकं ब्रेकपाशी, पाय दाराबाहेर, अशा अवस्थेत मी चाचपडत असताना कोपर हॉर्नवर बसलं आणि तिथेच अडकलं. अख्खी सोसायटी खाली उतरली. शेजारच्या आजोबांनी माझे पाय बघून बायकोला हलकेच विचारलं, "कधी झालं हे?"

"लग्नाआधीपासूनच असा आहे," ती म्हणाली.

शेवटी यंत्र बसलं. पडद्यावर एक अक्षर आणि पुढे चार आकडे उमटले.

"म्हणजे काय?" बायकोने विचारलं.

"काही गंभीर नाही."

"कशावरून?"

"चारच आकडे आहेत!"

खाली 'पुसायचे का?' असा प्रश्न होता. इतक्या नम्रपणे विचारल्यावर नाही कसं म्हणणार? मी बटण दाबलं. दिवा गायब! माझी छाती अशी फुगली, की दार उघडून बाहेर येणं जड गेलं.

संध्याकाळी दिमाखात सासऱ्यांच्या दारात गाडी उभी केली. सासऱ्यांनी उभी हयात पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसमध्ये काढलेली. ते गाडीत बसले, इंजिन सुरू केलं आणि एकदम ओरडले, "दिवा कुठे गेला?"

"कुठला, बाबा?"

"इंजिनचा! ही गाडी घेतल्यापासून एक दिवस विझला नव्हता तो!"

"अहो बाबा, तो बिघाडाचा दिवा..."

"मला शिकवता? आमच्याकडे दिवा लागलेला असला म्हणजे पंप चालू. दिवा गेला की गाव कोरडं! थोरल्या जावयांनी गाडी नेली तशी आणली. दिव्यासकट!"

ओट्यावर बसलेल्या साडूंनी विनयाने मान खाली घातली.

सासऱ्यांनी निकाल दिला. "घेऊन जा ही. दिवा लागल्याशिवाय परत आणायची नाही. लागला की थोरल्यांना देऊन टाकतो!"

आम्ही पडेल चेहऱ्याने गाडीत बसलो आणि कोपरा वळताच खो खो हसत सुटलो. दिवा लागेपर्यंत गाडी आमची! बायकोने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कर्तबगारीचं कौतुक केलं. खरं सांगतो, भरून आलं मला.

पण मी नुसते आकडे पुसले होते, बिघाड नव्हे. काही दिवसांतच दिवा पुन्हा झळकला. बायकोने शांतपणे पर्समधून काळी चिकटपट्टी काढली आणि त्यावर लावली.

सासऱ्यांचा फोन यायचा. "लागला का?"

"दिसत तरी नाहीये, बाबा!" ती म्हणायची. खोटं बोलायचा तिचा स्वभावच नाही.

मग गाडी खोकायला लागली. मी म्हटलं, हवा बदलली असेल. आणि एका सकाळी, बायकोला ऑफिसला सोडताना, भर चौकात तिने प्राण सोडला. गाडीने! मागे हॉर्नचा कल्लोळ. नाइलाजाने साडूंना फोन केला. ते ओढायचा दोर घेऊन आले आणि सोबत सासऱ्यांनाही घेऊन आले.

सासरे थेट आमच्या गाडीत बसले. चिकटपट्टी नखाने सोलली. किल्ली फिरवली. इंजिनने हूं की चूं केलं नाही, पण दिवा मात्र लख्ख पेटला. म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला!

"अहो, दिवा तर लागलाय! गाडी ठणठणीत आहे!"

"मग चालत का नाही, बाबा?" बायकोने विचारलं.

सासऱ्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "गाडी तपासून झाली," ते म्हणाले. "आता चालवणारा तपासा."

किल्ली साडूंच्या हातात गेली. बायको बसथांब्याकडे निघाली आणि मी तिच्या मागे. बसमध्ये चढल्यावर ड्रायव्हरसमोर कुठले कुठले दिवे लागलेत, ते मी मुद्दामच बघितलं नाही.