रापणीतला साहेबांचा वाटा

मुंबईचे साहेब यायचे म्हणून रविवारी कांदळपाटच्या किनाऱ्यावर रापण टाकायची नाही, असा हुकूम रविकांत मास्तरांनी काढला आणि गुणाजी तांडेल तडक त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. रापण म्हणजे एकट्याने खांद्यावर टाकून न्यायचं जाळं नव्हे. होडीतून जाळं सोडत अर्धा समुद्र वेढायचा आणि मग त्याचे दोन दोर धरून उभ्या गावाने किनाऱ्यावरून ओढायचे. गुणाजी त्या रापणीचा मुख्य. त्याला रापण बंद म्हणणं म्हणजे भटजीला लग्नसराईत घरी बस म्हणण्यासारखंच की!

"मास्तरानू, सायब दर्याच बघूक येतलो मां? मगे रापण पण बघांदे!"

"गुणाजी, साहेब पर्यटन खात्याचे आहेत. किनारा पसंत पडला तर सरकार इथे पाहुण्यांसाठी बंगला बांधणार. बंगला झाला की मुंबईचे पाहुणे येणार. ते काय घाटी चढून डोक्यावर ट्रंका घेऊन येतील? सरकारला रस्ता करावाच लागेल! पण साहेबांच्या नाकात मासळीचा वास गेला की संपलं सगळं."

रस्ता म्हटल्यावर गुणाजी नरमला. कांदळपाटला दर्याने काही कमी दिलं नव्हतं. कमी होती ती फक्त रस्त्याची. भरपूर बांगडा मिळाला की गावात आनंदाऐवजी सुतक यायचं, कारण बर्फाचा ट्रक घाटीपलीकडेच थांबायचा. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन जेवढा नेतील तेवढा बाजारात जायचा, उरलेला माडांच्या मुळात खत म्हणून पुरायचा. गुणाजीची बायको आनंदी ती घाटी रोज चढायची आणि संध्याकाळी मान धरून बसायची. ते बघून गुणाजीला घास गोड लागत नसे. त्याने रापण न टाकण्याचा शब्द दिला.

शनिवारी गावाने किनारा असा झाडला की खेकड्यांनाही आपण चुकून दुसऱ्या गावात आलो असं वाटावं. सुकत घातलेली मासळी माडांच्या मागे गेली. झावळ्यांची कमान उभी राहिली. गावातली सुशीला ओवाळणार, रापणीवरचा हरिश्चंद्र ढोल वाजवणार आणि मास्तर हार घालणार, असं ठरलं.

आणि रविवारी सकाळी बांगडा आला!

साधासुधा नाही. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाणी काळंभोर झालं, वर पाखरांनी नुसता कल्लोळ मांडला. गुणाजीने ते पाहिलं, डोळे मिटले आणि समुद्राकडे पाठ करून वाळूत बसला.

आनंदी धावत आली. "बांगडो दारात इलो नि तुमी पाठ करून कित्या बसलास?"

"मास्तरांक शब्द दिलंय."

"शिरा पडो त्या शब्दार! सायब येवच्या आदी आटपतला. उठा बघू!"

गुणाजीला तेवढंच हवं होतं. मास्तर कमानीखालून "अरे, अरे!" करीपर्यंत होडी पाण्यात गेली होती. पण लवकर आटपेल ती रापण कसली? जाळ्यात एवढा बांगडा शिरला की ते जागचं हलेना. सुशीलेने आरतीचं ताट कमानीखाली ठेवून दोर धरला. हरिश्चंद्राने ढोल टाकला. कमानीखाली हार घेऊन एकटे मास्तर उरले.

"मास्तरानू, डावो दोर सुटता! धरा!" गुणाजी ओरडला.

मास्तर झाले तरी शेवटी कांदळपाटचेच. ते धावले. हातात हार, आणि दोर तर दोन्ही हातांनी धरायला हवा. म्हणून त्यांनी हार आपल्याच गळ्यात घातला आणि दोराला भिडले.

नेमके तेव्हाच करंदीकर साहेब जीप घाटीच्या माथ्यावर, सड्यावर सोडून, पायी घाटी उतरून किनाऱ्यावर पोचले. डोक्यावर शिकारी टोपी, पायांत चकचकीत बूट. स्वागताला आरतीच्या ताटातला पेढा खाणारी एक शेळी तेवढी होती. पलीकडे गावाचे शिक्षक साहेबांचा हार गळ्यात घालून दोर ओढत होते.

"नमस्कार साहेब!" मास्तर घामाघूम होऊन म्हणाले. "हात सोडता येत नाहीत, माफी असावी! हार तेवढा तुम्हीच काढून घ्या!"

साहेब हार घ्यायला पुढे झाले. तेवढ्यात एक लाट आली. बूट वाचवायला त्यांनी उडी मारली, वाळूत पाय घसरला, आणि पडू नये म्हणून त्यांनी हाताला लागलं ते धरलं. तो होता रापणीचा दोर.

"सोडू नकात!" गुणाजी मागे न बघताच ओरडला. "सोडलास तर बांगडो गेलो!"

पुढे मास्तर, मागे आनंदी, मध्ये साहेब. सुटायला जागाच नव्हती. पहिल्यांदा ते नुसते ओढले गेले. मग स्वतः ओढू लागले. मग टोपी उडाली तरी त्यांना पत्ता नाही. जाळं वाळूवर आलं आणि चांदीसारखा बांगडा उसळू लागला तेव्हा "आला रे आला!" असं सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडलं असेल तर करंदीकर साहेब. मास्तरांना हायसं वाटलं. रस्ता झालाच म्हणून समजा!

पण मग वाटे पडले. होडीचा, जाळ्याचा, दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा. गुणाजीने बांगड्यांचा एक ढीग साहेबांच्या बुटांपुढे रचला.

"हे काय?" साहेब दोन पावलं मागे सरले.

"तुमचो वाटो, सायबानू. दोराक हात लागलो, वाटो झालो."

"अहो, मी शुद्ध शाकाहारी आहे!"

"खावक कोण सांगता? घेवक होयो."

"आणि मी सरकारी नोकर आहे! गावकऱ्यांकडून काही घेतलं तर ती लाच होते!"

"लाच काम करूच्या आदी देतत," गुणाजी शांतपणे म्हणाला. "तुमी काम केलास."

मास्तरांनी त्याला ओढून माडाआड नेलं. "वेड्या, साहेब चिडले तर रस्ता जाईल ना रे!"

गुणाजीने किनाऱ्यावरच्या आनंदीकडे बोट दाखवलं. "मास्तरानू, रस्तो माझ्याएवढो कोणाक होयो आसा? आनंदीची मान बघलास? पण वाटो बुडवन रस्तो मी घेवचो नाय. माझ्या बापाशीन एकदा एका गोसाव्याक वाटो दिल्यान नाय. तुमका ठावक आसा, मगे वर्सभर जाळ्यात काय गावला ता!"

मास्तरांना ठाऊक होतं. नुसते जेलीफिश, ज्यांना हात लावला तर अंग खाजतं.

आणि रीत अशी की एकाचाही वाटा पडून असेल तोवर दुसऱ्याने आपला उचलायचा नाही. ऊन चढत होतं. बायका रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या. बांगडा मऊ पडायला लागला. सगळे साहेबांकडे नुसते बघत होते. शेवटी साहेबांनाच ते बघवेना.

"बरं बाबा, घेतला! जीपमध्ये पोचवा."

"आपलो वाटो आपणच न्हेवक होयो," गुणाजी ओशाळून म्हणाला.

साहेबांनी नाकाला रुमाल बांधला. आनंदीने टोपली भरून त्यांच्या डोक्यावर दिली, खाली चुंबळ ठेवायला विसरली नाही. आपलीही टोपली घेतली आणि त्यांच्या मागून घाटी चढायला लागली.

"हंय जपान, सायबानू. गेल्या वर्सा मी हंयच पडलंय."

"अजून किती आहे?" साहेबांनी विचारलं.

"ही तर सुरवात. मान वाकडी करू नकात, बांगड्यांचा पाणी गळ्यात जाता."

पाणी गळ्यात गेलंच. सड्यावर पोचल्यावर साहेब एका दगडावर बसले, नाकाचा रुमाल सोडून त्यांनी मान पुसली. मग म्हणाले, "तुम्ही रोज येता?"

"रोज खंयचा?" आनंदी म्हणाली. "सणाक सुटी आसता."

पुढची हकीगत जीपचा ड्रायव्हर महादू पुढे कित्येक महिने सांगत असे. खाचखळग्यांतून जीप बैलगाडीच्या चालीने निघाली आणि दुपारपर्यंत बांगड्याने आपलं अस्तित्व जाणवून द्यायला सुरुवात केली. संध्याकाळी बांद्याच्या नाक्यावर गोव्याकडचा चोरटा माल शोधणारा शिपाई जीपजवळ आला आणि नाक धरून लांबूनच "जावा, जावा!" म्हणाला. साहेबांनी वाटेत एकच वाक्य उच्चारलं, "महादू, बंगला राहू दे, आधी रस्ता!"

आणि खरोखरच झाला हो रस्ता! पुढच्याच थंडीत खडी आली. आनंदी दिवसातून दोनदा जाऊन रस्त्यावर उगाचच चालून यायची. मागोमाग बंगलाही उभा राहिला. मे महिन्यात एकाच दिवशी दोन गाड्या कांदळपाटला लागल्या. एक बर्फाचा ट्रक आणि दुसरी मुंबईच्या पाहुण्यांची बस. बसमधून पहिले उतरले करंदीकर साहेब, मागून त्यांचं अख्खं ऑफिस, बायकापोरं, कोणाची सासू, कोणाचा मेव्हणा.

रापण पाण्यातच होती. साहेबांनी आल्या आल्या बाह्या सरसावल्या.

"धरा दोर सगळ्यांनी! लहान पोरांनाही धरायला लावा! हात लागला की वाटा झाला!"

गुणाजीच्या तोंडचं पाणी पळालं. बांगडा चांगला आला होता, पण माणसं त्याहून चांगली आली होती. वाळूवर वाट्यांची रांग किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. पाळण्यातल्या एका पोराचाही हात कोणीतरी दोराला टेकवला होता. ट्रक आला तसा नुसता बर्फ घेऊन परत गेला.

वाटे मिळाले खरे, पण बंगल्यात चूल कुठली? सगळं ऑफिस टोपल्या घेऊन आनंदीच्या अंगणात आलं. आनंदीने बांगड्याचं झणझणीत तिखलं केलं, भाकऱ्या थापल्या, साहेबांना सोलकढी-भात वाढला, आणि घाटी न चढता, मान न मोडता, तिच्या कनवटीला जेवणापोटी बाजाराच्या दिवसापेक्षा जास्त पैसे आले. गुणाजीला हे कळायला अजून वेळ होता. तो रिकाम्या ट्रकच्याच दुःखात होता.

बस निघाली तेव्हा त्याने खिडकीशी जाऊन हात जोडले.

"सायबानू, पुढच्या वर्सा जरूर येवा. फकस्त येताना सगळ्यांनी हात खिशात घालून येवा!"

"व्हय, व्हय, खिशात घालूनच येवा," मागून आनंदी म्हणाली, "पण भायर काढताना रिकामे काढू नकात!"