सुलेमानचाचांचे ठोकळे

सुलेमानचाचांकडे पुस्तक मागायला गेलेल्या माणसाला आधी हात धुवावे लागतात. साबणाने, कोपरापर्यंत. त्यासाठी दाराशीच बेसिन आहे, खुंटीला पांढरा पंचा आहे आणि चाचा स्वतः शेजारी उभे राहून बघतात. एकदा त्यांनी डॉक्टरांनाही परत हात धुवायला लावले होते. "तुमच्या दवाखान्यात चालत असतील असे हात. इथं नाय."

आम्ही वरश्याला राहायला आलो तेव्हापासून ते आमचे शेजारी. धंद्याने सुतार. उमेदीची सगळी वर्षं आखातात गेली. बाकीचे लोक रजेवर येताना ब्लँकेटं, अत्तरं, दूध पावडरीचे डबे आणायचे. चाचा जाताना बॅगभर मराठी पुस्तकं न्यायचे आणि येताना तीच परत आणायचे, कारण ती परक्या मुलखात एकटी कशी ठेवायची! आता चाची नाहीत, दोन्ही मुलगे तिकडेच नोकरीला, आणि घराच्या चारही भिंतींना चाचांनी स्वतः केलेली सागवानी कपाटं. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा चपला काढलेल्या असूनही पुन्हा एकदा पायांकडे बघितलं.

उन्हाळ्यात आम्ही बायका गच्चीवर पापड घालतो, चाचा पुस्तकं घालतात. खाटेवर धुतलेली चादर, तिच्यावर उघडी पुस्तकं, हातात कावळे हाकायची काठी. मी एकदा आमच्या गच्चीवर कोळंबीचे सोडे वाळत घातले. संध्याकाळी कुंपणापलीकडून हाक आली, "यादीवाली, तुझ्या सोड्यांचा वास माझ्या इतिहासाला लागला गो!"

मला ते यादीवाली म्हणतात, कारण आमच्या फ्रीजवर कायम चार याद्या लावलेल्या असतात. वाण्याची, बँकेची, दुरुस्त्यांची आणि 'कोणाला काय द्यायचं-घ्यायचं' ही चौथी. झालेल्या कामावर आडवी रेघ मारल्याशिवाय मला झोप लागत नाही.

पण चाचांची पद्धत बघून माझ्या याद्या मला पोरकट वाटल्या. पुस्तक कोणी नेलं की चाचा बरोबर तेवढ्याच उंचीचा, तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा करतात, पटाशीने त्यावर नेणाऱ्याचं नाव कोरतात आणि त्या जागी उभा करतात. "एक दात पडला की बाकीचे हलायला लागतात," असं त्यांचं म्हणणं. "पुस्तक गेलं तरी जागा मोकळी ठेवायची नाय." गॅसवाल्याचा ठोकळा आहे, पोस्टमनचा आहे, समोरच्या शाळेतल्या बाईंचे तर तीन आहेत. नळ दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा पुस्तक घेतल्याशिवाय सुटत नाही.

गेल्या श्रावणात मी त्यांना म्हटलं, "चाचा, कोणाकडे काय अडकलंय त्याची एक यादी करू या." ते हसले, पण अडवलं नाही. दोन दुपारी मी ठोकळे लिहून काढले. सगळ्यात जुना होता हाताळून हाताळून काळा पडलेला, जाडजूड. 'दत्ता, जोहे'.

"हा कोण?"

"चोर हाय एक नंबरचा," चाचा म्हणाले. "तिकडं आखातात अकरा वर्षं एका खोलीत राहिलो. मी लाकूडकाम करायचा, तो रंगकाम. प्रवासाचं पुस्तक नेलंन ते नेलंनच. गणपती झाले की दरसाल जातो मागायला. म्हणतो, थोडं राहिलंय वाचायचं."

मी त्याच दिवशी यादीत लिहिलं : 'जोहे – मूर्ती ठरवणे. दत्ताकडून पुस्तक आणणे.'

आमची गणपतीची मूर्ती पेणजवळच्या जोह्याचीच असते. पेणला बस बदलून गेले, मूर्ती ठरवली आणि दत्ताभाऊंचा कारखाना शोधला. सत्तरीचे गृहस्थ, ओळीने मांडलेल्या गणपतींच्या मध्ये पाटावर बसून डोळ्यांची आखणी करत होते. मी विषय काढल्यावर कुंचला तसाच हवेत राहिला.

"त्यानं सोताहून मागलंय?"

मी बेधडक "हो" म्हटलं. कामं अशीच होतात.

ते उठले. रंगाचे हात साबणाने धुतले, कोपरापर्यंत, आणि पुन्हा एकदा धुतले. देवाच्या फळीवरून कापडात बांधलेलं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं.

"वाचून झालं का?" मी विचारलं.

"चार वेळा," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता परत पाटावर बसले.

परत येताना वडखळला चहा पिताना मी आडवी रेघ मारली. इतकी ठसठशीत रेघ मी क्वचितच मारली असेल.

चाचांनी पुस्तक घेतलं. उघडलं नाही. कपाटातून काळा ठोकळा काढला, पुस्तक जागेवर ठेवलं आणि ठोकळा हातात धरून उभे राहिले. तो कुठे ठेवायचा हे त्यांना कळेना.

"आता मी जोह्याला कशाला जाऊ?"

"असंच जा की, चाचा."

"असंच?" ते माझ्यावर खेकसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "असंच कोण जातो गो? म्हातारा माणूस दोन बस बदलून जातो, तो काय सांगेल? तुझी आठवण आली म्हणून आलो? तो हसंल मला. पुस्तक मागायला गेलो की भांडता येतं. भांडण झालं की त्याची बायको जेवायला बसवते. जेवलं की तो म्हणतो, आता उन्हाचा कुठं जातोस."

सबंध आयुष्यात माझ्या हातून इतकं नीट पार पडलेलं काम इतकं चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांकडून ते पुस्तक मागून घेतलं आणि पहिल्या बसने मी पुन्हा जोह्याला गेले. दत्ताभाऊ तिथेच, त्याच पाटावर. मी पुस्तक पुढे केलं. "चाचा म्हणतात, शेवटची पानं तुम्ही नीट वाचलेली नाहीत."

त्यांनी कुंचला खाली ठेवला. मग हात धुवायला उठले. "व्हय," पाठमोरेच म्हणाले, "थोडं राहिलंय. गणपती झाले की ये म्हणावं भांडायला."

घरी येऊन मी यादीतली ओळ पुन्हा लिहिली. तिच्यावर रेघ मारली नाही.

चाचांना निरोप दिला तेव्हा काळा ठोकळा आपल्या जागी परत उभा होता. त्यांनी बेसिनकडे बोट दाखवलं. मी हात धुतले. आजवर मी त्यांच्याकडून स्वतःला वाचायला एकही पुस्तक नेलं नव्हतं. दुसऱ्याची वस्तू घरात असली की मला चैन पडत नाही. त्यांनी एक बारकंसं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि सुतारकामाच्या खणातून ठोकळा काढून त्या जागी ठेवला. त्यावर कोरलं होतं 'यादीवाली'. लाकूड ताजं नव्हतं. खणात पडून पडून त्याच्या कडा पिवळ्या झाल्या होत्या.

पुस्तक मी तीन दिवसांत संपवलं. वर्ष होत आलं. अधूनमधून कुंपणापलीकडून हाक येते, "काय यादीवाली, झालं का गो वाचून?"

"थोडं राहिलंय, चाचा," मी सांगते, आणि चहा टाकते.